मावशींचा फ्रिज आला!

अहो वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण दोन मिनिटं थांबा. कोपऱ्यातल्या क्वार्टरच्या मावशींकडे काल टेम्पो आला, पाहिलात का? नवा फ्रिज! जुन्याचा कॉम्प्रेसर ऐन मे महिन्यात बसला. वॉरंटी होती, तरी दुकानदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे दुकानदाराला विचारा. मावशी बरगीनगरहून बस धरून जबलपूरला जायच्या आणि ‘अम्मा, कल आना’ ऐकून परत यायच्या. मुलगा म्हणाला, वकील करू. त्यावर मावशींचे हातपायच गार पडले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे त्यांच्या माहेरचं ब्रीदच.

मग लावला की १९१५ नंबर! राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा, फुकट लागतो. मराठीतही बोलता येतं. पण मावशी आपल्या जबलपुरी हिंदीतच कडाडल्या, त्याचा धाक जास्त. ते लोक तक्रार नोंदवून घेतात, नंबर देतात आणि कंपनीकडे पाठवतात. हुकूम सोडायचा अधिकार मात्र त्यांना नाही हो. कंपनीनं कानाडोळा केला तर पुढे जिल्हा ग्राहक आयोग.

आणि मला विचाराल तर सगळी गंमत त्या ‘पुढे’मध्येच आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगात फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की चेन्नईची. हे आपल्याआधी कंपनीवाल्यांना ठाऊक असतं. म्हणून फोनवरचा आवाज एकदम मऊ होतो. लोक म्हणतात गोडीगुलाबीनं मिटलं. गोडीगुलाबीनं काही मिटत नाही, बाई!

आमचे भाऊजी जबलपूरच्या कचेरीत कारकून होते, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. आयोगात गेल्यावरही निकालापर्यंत भांडत बसायलाच हवं असं नाही. तक्रार दाखल करून घेतल्यावर समेट होईलसं वाटलं, तर आयोगच विचारतो, मध्यस्थाकडे जाता का? दोघांनी पाच दिवसांत लेखी होकार द्यायचा. तिथं बोललेलं पुढे कुणी कुणाविरुद्ध वापरू शकत नाही, त्यामुळे माणसं जरा मोकळी बोलतात. जमलं तर करार कागदावर, दोघांच्या सह्या, आणि त्यावर आयोगाचा आदेश. फी भरली असेल तर तीही परत. पण डॉक्टरांच्या हलगर्जीपणानं माणूस दगावला, किंवा कुणी खोटे कागद केले, तर ते प्रकरण मध्यस्थाकडे जात नाही. बरोबरच आहे. तिथं कसली देवाणघेवाण?

वीज, फोन, विमा, दवाखाना यांची कटकट असेल तर स्थायी लोक अदालत आहे. मात्र कोर्टात जाण्याआधी तिथं जायचं, नंतर नाही. आणि एक खोच आहे, पुष्कळांना माहीतच नसते. साध्या लोक अदालतीत दोघांचं जमलं तरच निवाडा होतो. स्थायी अदालतीत नाही जमलं तर ती स्वतः निर्णय देऊ शकते! दोन्हीकडच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून आधी नीट वाचा, मग अंगठा टेका. आपल्या या बरगी धरणाखाली शंभरावर गावं गेली. भरपाईच्या कागदांचं आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

मावशींच्या बाबतीत सहीचं असंच होणार होतं की! कंपनीचा माणूस आला तो छापील कागद घेऊनच. ‘माझी काही तक्रार उरली नाही’, इथं सही करा, फ्रिज आठवड्यात पोचतो. मावशी पेन शोधायला आत गेल्या. मी कुंपणावरूनच ओरडले, आधी फ्रिज येऊ द्या, प्लग लावा, बर्फ जमू द्या, मग सही! तो माझ्याकडे असा पाहत होता, जणू त्याचा पगार मीच कापला. पण आला ना फ्रिज? जुन्याच्या दुरुस्तीवर त्या राजी व्हायला निघाल्या होत्या, हे वेगळंच.

आमच्या धाकट्या जावेचं बघा. डोंबिवलीला फ्लॅट घेतला आणि बिल्डरनं ताबा लांबवला. महाराष्ट्रात बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या महारेरानं २०१८ मध्ये सलोखा मंच काढलाय. तिथं ग्राहकांच्या बाजूनं मुंबई ग्राहक पंचायतीची माणसं बसतात, बिल्डरांच्या बाजूनं त्यांच्या संघटनेची. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, त्याच कुळातली ही. जाऊबाई म्हणते, व्याज थोडं सोडलं पण किल्ली मिळाली. मला विचारलं असतं तर मी व्याजाचा एक पैसा सोडला नसता. पण घरभाडं आणि हप्ता दोन्ही तिच्याच डोक्यावर होते, त्यामुळे मी गप्प बसले. म्हणजे, जवळजवळ गप्प.

तुमच्या मिक्सरचं काय झालं हो? धूर आला म्हणत होतात. बिल आहे ना? ते आधी शोधा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात जावं लागतं. नि दुकानदाराला फोन करून काही उपयोग नाही, व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे लेखी राहील. काय? बिल तुमच्या यजमानांच्या पाकिटात? मग आधी त्यांनाच नोटीस काढा!