हुद्द्याची कुलपरीक्षा

पनवेलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीचे भेंडोळे घेऊन निघालेल्या तरुणास वाटते की, आपण संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो एवढे कळविले म्हणजे अमेरिकेच्या हुजूरदफ्तरी आपल्या विद्वत्तेविषयी संशय उरणार नाही. परंतु तेथील नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाचा कायदा उमेदवाराच्या बुद्धीआधी त्याच्या हुद्द्याची कुलपरीक्षा करतो, आणि त्या कामास विशिष्ट विषयातील पदवी सामान्यतः लागतेच, हे मालकाने कागदोपत्री शाबीत करावे लागते. प्रोग्रामरचे काम आपोआप या दर्जाचे समजू नये, असे फर्मान तेथील स्थलांतर खात्याने २०१७ साली काढले. पुढे एका अर्जावर नकाराचा शेरा मारताना खात्याने सरकारी व्यवसायकोशच पुढे केला: बहुतेक प्रोग्रामर पदवीधर असतात हे त्यात स्वच्छ छापलेले असताही, काही मालक त्याहून कमी शिक्षणावर भागवितात, या उत्तरार्धावर बोट ठेवून! हयात माणसाकडून हयातीचा दाखला मागणाऱ्या आमच्या कारकुनांनीही या सूक्ष्म तर्कापुढे पागोटे उतरवावे. २०२० च्या डिसेंबरात तेथील अपील न्यायालयाने हा निर्णय मनमानी ठरविला, आणि दुसऱ्या वर्षी ते फर्मानही रद्द झाले. मात्र २०२५ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांचा नवा जाहीरनामा निघून, परदेशस्थ उमेदवाराच्या नव्या अर्जामागे मालकाने एक लाख डॉलर भरावेत, असे ठरले. त्या रकमेस कोणती पदवी लागते, याविषयी व्यवसायकोश मौन पाळतो.