माऊचे सेफ्टी ऑफिसर

सोहारच्या बंदरपट्ट्यात पोलाद वितळतं, अ‍ॅल्युमिनियम ओततात, तेल शुद्ध होतं. तिथल्या मराठी नोकरदारांत एक जात हटकून सापडते : घरी मांजर पाळलेला सेफ्टी ऑफिसर. एरवी हा गृहस्थ निरुपद्रवी. वसुबारस उजाडली की मात्र त्याच्या अंगात येतं.

पहिली धाड पणत्यांवर. प्लांटमध्ये परमिटशिवाय ठिणगी पाडता येत नाही, मग घरात पणती कशी लागेल? माऊच्या शेपटीचा अंदाज घेऊन पणत्या फ्रिजच्या डोक्यावर चढतात. कंदिलाची वायर पाइपात जाते, झिरमिळ्या कात्रीखाली. "मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, वहिनी. दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आतडी चुणीसारखी गोळा होतात," हे तो चकली मोडणाऱ्या पाहुणीला समजावतो. चकली बशीतच राहते.

लक्ष्मीपूजनाला कापूर नाही. मांजराच्या यकृताला तो झेपत नाही. कोणी लिलीचा गुच्छ आणलाच, तर पाहुणे आत आणि फुलं बाहेर. नुसते पराग अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं जातात. चिवड्यातला लसूण तांबड्या पेशी फोडतो, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन काळजाचे ठोके वाढवतं. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, मग माऊवर प्रयोग कशाला? पंचाईत अशी की यातलं एकही वाक्य खोटं नाही. त्यामुळे भांडताही येत नाही.

ओमानमध्ये दारोदार फटाके वाजत नाहीत, म्हणून त्या आघाडीवर तो बेकार. ती हौस तो २० नोव्हेंबरला, राष्ट्रीय दिनाच्या आतषबाजीला भागवतो : खिडक्या बंद, पडदे ओढलेले, टीव्ही मोठ्याने.

प्रत्यक्ष माऊ फलज वस्तीतल्या कचरापेटीपाशी वाढलेली. मासळीखेरीज कशाकडे ढुंकून पाहत नाही. मस्कतहून फराळ ज्या खोक्यातून आला त्यात ती दिवाळीभर झोपते.

पण धोकादायक माल उघड्यावर ठेवायचा नाही, हा नियम. म्हणून आपला माणूस ओट्याशी उभा राहून रव्याच्या लाडवांतले बेदाणे वेचतो आणि तोंडात टाकतो. बेदाणे काढलेला लाडू फुटतो, म्हणून मग लाडूही.

"अहो, परवाच तुमची शुगर ३०० आली ना!"

"अगं, मग काय मांजराला खाऊ देऊ?"