श्रीफळाचं वय

नारळ घरंगळला, एवढंच घडलं. दोन महिन्यांपूर्वी डेक्कनजवळच्या एका सभागृहात रविवारी सकाळी साडेदहाला म्हणून जाहीर झालेला आणि नेते पोचेपर्यंत पावणेबाराला सुरू झालेला सत्कार समारंभ होता. सत्कारमूर्ती म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले एक न्यायमूर्ती. त्यांच्या मांडीवरून श्रीफळ निसटलं, व्यासपीठावरून गडगडत गेलं आणि थेट मधल्या खुर्चीतल्या नेत्यांच्या पायाशी जाऊन थांबलं. न्यायमूर्ती उठले, चार पावलं चालले आणि नारळ उचलायला वाकले. फोटोग्राफरला सापडला तो नेमका हाच क्षण.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. फोटोत नेत्यांचे पाय आहेत, न्यायमूर्तींची पाठ आहे, पाठीवर शाल आहे. नारळ तेवढा कापला गेलाय. तिसऱ्या दिवशी खुलासा आला की, न्यायमूर्ती वाकले नव्हते, ते नारळ उचलत होते. चौथ्या आठवड्यात त्यांची एका आयोगाच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली. त्याचा खुलासा अजून आलेला नाही.

त्या दिवशी सभागृहात माझ्या शेजारी बसलेले काका बँकेतून निवृत्त झालेले. ‘नारळ आम्हालाही मिळाला होता हो,’ ते म्हणाले, ‘हिनं त्याच रात्री सोलकढी केली. संपला विषय.’ काका मुद्द्याचं बोलले. मराठीत एखाद्याला नारळ दिला म्हणजे त्याला घरी पाठवला. गिरणीतल्या कामगारापासून नकोशा झालेल्या मंत्र्यापर्यंत हा अर्थ सगळ्यांना सारखा लागू होतो. न्यायमूर्तींच्या खुर्चीवरून उठणाऱ्यांपुढे मात्र शब्दकोश हात टेकतो. त्यांना दिलेला नारळ फुटत नाही, खवला जात नाही. त्याला कोंब येतो, आणि पुढे त्या कोंबाला बंगला, गाडी, शिपाई अशी पालवी फुटत जाते.

मी आमच्या गुहागरच्या मामेभावाला फोन केला. त्याच्या वाडीत चाळीस माड आहेत. विचारलं, नारळ तयार व्हायला किती दिवस लागतात रे? तो म्हणाला, ‘पोय फुटल्यापासून अकरा-बारा महिने धर. वर्षच म्हण ना.’ झालं, माझी झोप उडाली. कारण याचा अर्थ, त्या रविवारी घरंगळलेला नारळ त्याच्या आदल्या वर्षी त्याच सुमारास पोयीत होता. आणि त्याच सुमारास न्यायमूर्तींच्या बोर्डावर काय होतं?

मैदान होतं. विकास आराखड्यात मुलांच्या खेळासाठी राखलेलं, आणि मुलांना खेळायची गरज उरली नसल्याचं एका सकाळी कुणाच्या तरी लक्षात आल्यामुळे ज्याचं आरक्षण उठलं असं मैदान. काका त्यात अर्जदार होते. अकरा तारखा झाल्या. तीनदा मॅटर बोर्डावर आलंच नाही, चारदा आलं पण पोचलं नाही, दोनदा सरकारी वकिलांना सूचना घ्यायच्या होत्या, एकदा सूचना मिळाल्या होत्या पण आणायच्या राहिल्या होत्या. अकराव्या तारखेला बारा मिनिटांत याचिका फेटाळली. वर शेरा, की याचिका राजकीय हेतूनं प्रेरित दिसते, सबब पंचवीस हजार खर्च भरा. काकांचा राजकीय हेतू असा होता, की नातवाला क्रिकेट खेळायचं होतं. त्याच आठवड्यात मधल्या खुर्चीतल्या नेत्यांनी स्वतःवरच्या गुन्ह्याविरुद्ध अर्ज केला. दुपारी दोनला दाखल, चारला सुनावणी, पावणेपाचला स्थगिती. देशात पाच कोटींहून जास्त खटले तुंबलेत म्हणून ओरडणाऱ्यांनी हा अर्ज अभ्यासक्रमाला लावावा.

आता हे दोन आदेश आणि तो एक नारळ यांचा काही संबंध आहे, असं मी म्हणत नाही. न्यायालय अवमान कायदा 1971 सालचा आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी सोय आहे. दोन हजारांत हल्ली सत्काराची बरी शालसुद्धा येत नाही, पण सहा महिने म्हणजे अर्धा नारळ. मी फक्त मामेभावाचं गणित सांगतोय. उच्च न्यायालयात निवृत्ती 62 व्या वर्षी. म्हणजे 61 व्या वर्षी पोय.

हे गणित कायद्याला ठाऊक नाही असं नाही. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी कंपनीत जायचं असेल तर सरकारची परवानगी लागते. बरोबर एका नारळाइतकी मुदत. नियम लिहिणारा कोकणातला असावा. न्यायमूर्तींना मात्र राज्यघटनेनं अडवलं ते वकिलीपासून. कलम 124 म्हणतं, सर्वोच्च न्यायालयातून उतरलात तर देशातल्या कुठल्याच कोर्टात उभं राहायचं नाही. कलम 220 म्हणतं, उच्च न्यायालयातून उतरलात तर सर्वोच्च न्यायालय आणि इतर उच्च न्यायालयं सोडून कुठे उभं राहायचं नाही. उभं राहण्याबद्दल एवढी काळजी. वाकण्याबद्दल घटना काही बोलत नाही.

1949 साली घटना समितीत निवृत्तीनंतरच्या सरकारी पदांवरही बंदी घाला, अशी दुरुस्ती आली होती. ती नाकारली गेली. तेव्हाचा युक्तिवाद असा, की कोर्टापुढची बहुतेक भांडणं खासगी माणसांची असतात, सरकारचा संबंध क्वचितच येतो. तेव्हा ते खरं असेलही. आज कुठल्याही मोठ्या कोर्टाचं बोर्ड उचला आणि सरकार नसलेलं मॅटर भिंगानं शोधा. मग 1958 साली विधी आयोगानं चौदाव्या अहवालात सांगितलं, की निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारी पदं घेऊ नयेत. तो अहवाल फार जपून ठेवलाय. उघडला तर घडी मोडेल.

मामेभाऊ पुढे म्हणाला, माडाच्या जाती दोन. उंच जात लावली तर सहा-सात वर्षं नुसतं शिंपत बसायचं, पण मग साठ वर्षं आणि वरती फळ देते. ठेंगणी लावली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच धरते, नारळ उभ्यानं तोडता येतात, वर चढणारा गडी लागत नाही. ‘हल्ली जो तो ठेंगणीच मागतो,’ म्हणाला. बिचारा रोपांबद्दल बोलत होता. पण ठेंगण्या जातीचं रोप कसं वाढतं ते तुम्हीही पाहिलंय. आधी पक्षाच्या कायदा आघाडीत, गळ्यात उपरणं. मग संध्याकाळी टीव्हीवर, समोरच्याला बोलू न देण्याचा सराव, जो पुढे फार उपयोगी पडतो. मग सरकारी वकिलांच्या पॅनेलवर. मग एक दिवस उपरणं सुटतं, पांढरा बँड बांधला जातो आणि शपथ होते: भीती धरणार नाही, ममत्व ठेवणार नाही, आकस बाळगणार नाही. उपरणं तेवढ्यापुरतं ड्रायक्लीनिंगला दिलेलं असतं. पावती पाकिटात असते. वीस वर्षं पाकीट बदलतं, पावती त्याच कप्प्यात जाते. आणि या वीस वर्षांत समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला वाटत असतं, की कोर्टात पक्ष दोनच असतात, एक आपला आणि एक समोरचा.

इथपर्यंत गंमत होती. पण येरवड्यात जामिनाच्या अर्जावर पडून असलेला कुणी बावीस वर्षांचा पोरगा असतो, आणि त्याच्या आईला रोस्टर म्हणजे काय हे कळत नाही. का कळावं? तिनं भाकरीचं फडकं घेऊन कोर्टाच्या फाटकाबाहेर बसावं आणि दुपारी वकिलानं येऊन सांगावं, ‘आज पोचलं नाही मावशी.’ दोनला दाखल होऊन चारला पोचणारे अर्ज कुठल्या दारानं आत जातात, ते दार तिला कुणी दाखवत नाही. कायदा कुणी वाकवला याचा पुरावा मिळत नाही, कारण वाकवावाच लागत नाही. नुसता कुणाला आधी ऐकायचं आणि कुणाला ऐकायचंच नाही, एवढं ठरवलं की पुरतं. आणि याहून चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. रोज शंभर-शंभर फायली उपसणारे, रात्री जेवल्यावर निकालपत्रं लिहिणारे, लग्नाच्या आमंत्रणालाही दहा वेळा विचार करून जाणारे न्यायाधीश या शहरात आहेत. निवृत्त झाले की सकाळी कमला नेहरू पार्कात फेऱ्या मारतात, भाजी आणतात. त्यांना कुणी शाल पांघरत नाही. या एका घरंगळलेल्या नारळामुळे लोक आता त्यांच्या पिशवीकडेही संशयानं बघतात, की आत काय आहे!

असो. मानपत्रात ‘आधुनिक रामशास्त्री’ असं होतंच. पुण्यात त्याशिवाय छापखानेवाला मानपत्राची ऑर्डर घेत नाही. मूळ रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पद सोडलं आणि पुण्याकडे पाठ फिरवून चालते झाले. म्हणजे 1773 साली फोटो निघाला असता तर त्यातही पाठच आली असती. फक्त ताठ. त्यांची आणखी एक गोष्ट सांगतात. श्रावणातल्या दक्षिणेच्या वेळी शास्त्रीबुवांचे भाऊ पुढे आले. यांना जरा जास्त द्यावी, असं शेजारून सुचवलं गेलं. शास्त्रीबुवा म्हणाले, विद्वान म्हणून इतरांइतकीच. भाऊ म्हणून काय द्यायचं ते मी माझ्या घरी बघेन. ही गोष्ट त्या दिवशी सूत्रसंचालकानं सांगितली, नेत्यांनी मान डोलावली, आणि त्याच टाळ्यांच्या हादऱ्यानं नारळ घरंगळला, असं काकांचं मत आहे.

काकांची आणखी एक केस आहे, वडिलोपार्जित वाड्याच्या भिंतीची, खालच्या कोर्टात, सतरा वर्षांची. पुढची तारीख नारळी पौर्णिमेनंतर लगेचची लागली. काकांनी आपल्या वकिलांना विचारलं, ‘साहेब, एक नारळ घेऊन येऊ का?’

‘छे हो,’ वकील म्हणाले, ‘तुमच्या कोर्टातल्या साहेबांना निवृत्तीला अजून एकोणीस वर्षं आहेत.’