ठिपका की दुर्बीण

वस्तू विकत न घेता तिच्यावर अधिकारवाणीने बोलणाऱ्यांची प्रभादेवीत जुनी परंपरा आहे. आमच्या सोसायटीतले नेमबाजकाका हे त्या परंपरेचे आजचे मानकरी. त्यांचं कॅमेऱ्याचं पर्व होऊन गेलं, गिअरच्या सायकलचं होऊन गेलं. दोन्ही वस्तू घरात आल्या नाहीत. एका भाबड्या क्षणी सोसायटीने त्यांना पुनर्विकासाच्या समितीवर घेतलं. जास्त कार्पेट एरिया देणारा बिल्डर बरा की जास्त कॉर्पस देणारा, याचे त्यांनी इतके तक्ते केले की दोन्ही बिल्डर दुसरीकडे इमारती बांधून मोकळे झाले. आमची अजून टेकूवर आहे.

सध्या काका पॉइंट टू-टू रायफलवर आहेत. म्हणजे रायफल नाही. परवानाही नाही. परवान्याचा अर्जसुद्धा नाही, कारण अर्ज केला तर तो मंजूर होण्याचा धोका असतो. रायफलवर रेड डॉट बसवायचा की स्कोप, हे ठरल्याशिवाय पोलीस आयुक्तालयाची पायरी चढणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर रेंजवर जाऊन ते थोडं शिकून आले, एवढं निमित्त पुरलं. तेव्हापासून जिन्यात भेटणाऱ्याला ते रिमफायर समजावून सांगतात: या काडतुसाच्या बुडाच्या कडेत स्फोटक मसाला असतो, पिन मध्यावर न बसता कडेवर बसते, गोळी लहान, धक्का जवळजवळ नाहीच. ५० मीटरवर जुळवलेली गोळी १०० मीटरपर्यंत जाताना वीतभर खाली येते. हे सगळं खरं आहे आणि दूधवाल्यालाही पाठ आहे.

मुख्य खटला मात्र रेड डॉट विरुद्ध स्कोप. काकांचा मोठेपणा असा की ते दोन्ही बाजूंनी तितक्याच तळमळीने लढतात, फक्त एका दिवशी एकाच बाजूने.

सोमवारी रेड डॉट. त्यात मोठं करून दाखवणं नाही. काचेवर लाल ठिपका उमटतो, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चालतं. दुर्बीण नऊ पटींची घेतली की निशाणाबरोबर आपल्या हाताची थरथरही नऊ पट दिसते, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने आपली नाडी काचेत कशाला पाहायची?

मंगळवारी स्कोप. हॉलच्या भिंतीवर, सासऱ्यांच्या फोटोशेजारी, ५० मीटरच्या स्पर्धेचा टार्गेट-कागद लावलेला आहे. त्यावर पट्टी ठेवून काका सांगतात, "दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. नऊचं २६.४. आता ठिपका मोजतात एमओएत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. ५० मीटरवर एक एमओए होतो साडेचौदा मिलिमीटर. दोन एमओएचा ठिपका घेतलास तर २९. दहा झाकलं, नऊ झाकलं! अरे, मग नेम धरतोयस कशावर?" चार एमओएचा घेतला तर सातचं वर्तुळही जवळपास झाकलं जातं, हे ते आवाज खाली आणून सांगतात.

मंगळवारी सिद्धिविनायकाला जायचंच असतं. एरवी श्रोते पळतात, रांगेतले पळू शकत नाहीत. तिथे पॅरॅलॅक्सचा धडा होतो. डोळा हलला की स्कोपमधली फुली निशाणावरून सरकल्यासारखी दिसते. म्हणून रिमफायरचे स्कोप साधारण ५० यार्डांना जुळवलेले असतात आणि मोठ्या रायफलींचे १०० यार्डांना. प्रात्यक्षिकासाठी काकांनी एक डोळा मिटून कळसाच्या दिशेने बोट रोखलं, तेव्हा बंदोबस्तावरच्या हवालदारांनीही त्यांच्या अभ्यासात रस घेतला. काकूंनी प्रसादाचा मोदक पुढे करून प्रकरण मिटवलं.

एकदाच हा खटला निकालाजवळ आला होता. ह्यूस्टनच्या पुतण्याकडे गेले असताना काकांनी खरा रेड डॉट डोळ्याला लावला आणि गोल ठिपक्याच्या जागी त्यांना शेपटी फुटलेला स्वल्पविराम दिसला. दोष यंत्राचा नव्हता, ॲस्टिग्मॅटिझमचा होता. दुसरा कोणी असता तर स्कोप घेऊन मोकळा झाला असता. काकांनी परत येऊन दादरच्या चष्मेवाल्याकडे नवा तपास उघडला. त्या पुतण्याचा मात्र त्यांना अजून राग आहे. "काका, मी दोन्ही घेतले, नाही आवडला तो परत केला," असं तो म्हणाला होता. विचार न करता सुखी होणारी माणसं काकांना बघवत नाहीत.

मग काकूंची भाची आली. कीर्ती कॉलेजात, एनसीसीत. याच कॉलेजच्या एनसीसीतून अंजली वेदपाठक महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये गेली, आणि २००२ मध्ये अंजली भागवत म्हणून जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ही भाची कॅम्पमध्ये पॉइंट टू-टूने फायरिंग करून आली होती.

"नेम कशाने धरलास?" काकांनी घाईघाईने विचारलं.

"रायफलवर होतं त्यानेच."

घरात शांतता पसरली. तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. "काका, या मॅचला दोन्ही चालत नाहीत ना? कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटरलाच ब्राँझ घेतलं. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, ४५१.४. दुर्बीण नाही, ठिपका नाही. मागे बारीक भोक, पुढे कडं."

काका दोन दिवस जिन्यात दिसले नाहीत. आम्हाला खरंच काळजी वाटली. इतक्या मोठ्या खटल्यातले वादी-प्रतिवादी एकदमच निकालात निघाले, तर माणसाने निवृत्तीत करायचं काय?

तिसऱ्या दिवशी ते वही घेऊन खाली आले, चेहरा टवटवीत. मागचं भोक एक मिलिमीटरचं ठेवावं की १.२चं? पुढचं कडं ३.६चं की ४.२चं? शिवाय भोक लहानमोठं करणारी आयरिस मिळते, आणि रंगीत फिल्टर मिळतात. पिवळा घ्यावा का?

"अहो, मग आता तरी अर्ज करणार ना?" काकूंनी खिडकीतून विचारलं.

"आधी कड्याचं माप तर ठरू दे," काका म्हणाले आणि त्यांनी वॉचमनला स्टुलावर बसवलं.