नांग्या भरणारी मावशी

आमच्याकडं दर गल्लीत एक मावशी असतेच. कुणी कुरडया घालण्यात पटाईत, कुणी स्थळं जमवण्यात. त्यात आता बाहुल्यांचे केस लावणाऱ्या मावशीची भर पडली आहे. ती नांदेडची असली तर लेक लातूरला दिलेली असते, लातूरची असली तर सून नांदेडची. त्यामुळं गिऱ्हाईक दोन्हीकडून, लोहा-अहमदपूरमार्गे, एसटीच्या भरवशावर येतं.

मूळची ती महालक्ष्म्यांची कारागीर. भाद्रपदात मुखवट्यांना गंगावन लावायचं, अंबाडा घालायचा, ज्येष्ठा-कनिष्ठेत उजवं-डावं होऊ द्यायचं नाही. पण महालक्ष्म्या तीन दिवसांत जातात आणि हात वर्षभर शिवशिवतात. अशात नातीच्या बार्बीला टक्कल पडलं आणि मावशीला बारमाही काम सापडलं.

भाच्यानं कात्री चालवलेली बाहुली घेऊन मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मावशीनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मुंडकं उजेडाकडं फिरवलं आणि म्हणाली, "पेरणीच इरळ हाय की रे!" मग मान गरम पाण्यात बुडवली. प्लॅस्टिक मऊ पडलं, तसं मुंडकं फटकन हातात आलं. केस वरून चिकटवलेले नसतात. कारखान्यातलं मशीन मऊ टाळूला ओळीनं भोकं पाडत झुबके शिवत जातं. भांगाला आणि कडेला दाट, मधे उघडं माळरान. मावशीच्या सासरी सोयाबीन असल्यामुळं या तिला तिफणीच्या ओळीच दिसतात. झुबका उपटला ती जागा म्हणजे नांगी. मग लांब सुईत नायलॉनचा झुबका ओवायचा, मानेच्या भोकातून आत शिरायचं, टाळूतून वर निघायचं. गाठ आत, केस बाहेर. एका डोक्याच्या नांग्या भरायला तिला दुपारच्या दोन मालिका लागतात.

1959 साली बार्बी निघाली तीच कृत्रिम धाग्याचे केस घेऊन. त्याआधी युरोपातल्या चिनी मातीच्या बाहुल्यांना अंगोरा बोकडाची लोकर किंवा चक्क माणसाचे केस लावत, हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. मावशी ढिम्म. "मंग आमच्या गंगावनात काय घोड्याचे असतेत?" केसांवर भांडी देणाऱ्या फेरीवाल्याशी तिचं म्हणूनच हाडवैर. गल्लीतल्या बायकांनी विंचरून भिंतीच्या फटीत खोचलेला गुंता स्टीलच्या वाटीपायी गावाबाहेर जातो, हे तिला बघवत नाही. 1992 साली पायापर्यंत केसांची बार्बी आली आणि जगभर तुफान खपली, तिचा फोटो मी दाखवला. मावशीनं एकच विचारलं, "हिला न्हाऊ कोन घालतं?"

न्हाणं हा तिच्याकडचा नाजूक विषय. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात तिकडच्या बाहुल्या नुसत्या विंचरून परत गेल्या. न्हाणं मृगानंतर.

गिऱ्हाईक बहुतेक लातूर पॅटर्नचं. मुलगी अकरावीला गेली की बाहुली माळ्यावर, एमबीबीएसला लागली की तिचाच पुळका. अलीकडं संग्रह करणाऱ्या पोरीही येतात. एकीनं बाहुली खोक्यातूनच दाखवली, बाहेर काढली की किंमत उतरते म्हणाली. मावशीनं खोकं चारी बाजूंनी फिरवून बघितलं. "नवरी काय जलमभर डोलीतच बसवायची?" ती पोरगी पुन्हा आली नाही.

हात असा सोन्याचा, पण आवड एकच. बाहुली कॅलिफोर्नियाची असो की चीनची, मावशीकडून निघते ती चापूनचोपून भांग पाडून, दोन वेण्या घालून, लाल रिबिनी बांधून. गाऊन घातलेली बया जिल्हा परिषदेच्या शाळेत निघाल्यासारखी दिसते. "मोकळे सोडा" म्हटलं तर मावशीला ऐकू येत नाही.

तुमच्या माळ्यावर अशी कुणी असेल तर जरूर न्या. फक्त महालक्ष्म्यांच्या आधी पंधरा दिवस जाऊ नका, दारातूनच परत पाठवते. तेल लावू नको, असं आधीच बजावा. नायलॉनच्या केसात ते मुरत नाही, नुसती धूळ धरतं. आणि मुंडकं धडासकट न्या. मी एकदा नुसती पाच मुंडकी पिशवीत घालून निघालो होतो. लोह्याच्या स्टँडवर पिशवी कलंडली, दोन मुंडकी घरंगळत कंडक्टरच्या पायाशी गेली, आणि अहमदपूर येईपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही.