मागच्या पानाचा भाव

समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली आहेत. त्यात आपल्या तोंडाने आपलं कौतुक करणारा आहे आणि त्याला लागूनच वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणाराही आहे. साडेतीनशे वर्षं हे ऐकत आलेल्या घरांतल्या मुलांना आता मार्केटिंगच्या नोकरीसाठी रिझ्युमे लिहावा लागतो. पहिलं लक्षण टाळावं तर पान कोरं राहतं, आणि दुसरं टाळावं तर ‘वडील राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त’ ही ओळही जाते.

मी साबण-तेल विकणाऱ्या एका कंपनीच्या विक्री विभागात होते. शेवटची काही वर्षं माणसं निवडायचं कामही माझ्याकडे होतं. ही बातमी आमच्या सोसायटीत कुणी फोडली कळलं नाही, पण एमबीएचे निकाल लागले की माझ्या व्हॉट्सॲपवर रिझ्युमे येऊ लागतात. ‘काकू, जरा नजर टाकाल का?’ फाइलीचं नाव बहुधा ‘फायनल’ असतं. त्यानंतर ‘फायनल नवीन’ येते, आणि मग ‘फायनल नवीन हीच बघा’.

ही मुलं घरात इतकी सालस असतात, की चहा हवा का विचारलं तर दोनदा नको म्हणतात. पण कागदावर प्रत्येक जण डायनॅमिक असतो, पॅशनेट असतो, रिझल्ट-ओरिएंटेड तर असतोच असतो. मला यात लबाडी दिसत नाही, लाज दिसते. स्वतःबद्दल चांगलं बोलणं इतकं अवघड जातं, की सगळे जण एकाच दुकानातून भाड्याने आणलेली विशेषणं अंगावर चढवतात. भाड्याचा कोट मापात नसला तरी संकोच वाटत नाही, कारण तो आपला नसतो. हल्ली हा कोट चॅटजीपीटी घरपोच देतं. त्यामुळे एका आठवड्यात आलेल्या चार मुलांच्या कव्हर लेटरची पहिली तीन वाक्यं सारखी असू शकतात, आणि त्या चौघांनाही वाटत असतं की आपलं पत्र वेगळं झालंय.

मग ते पट्टे. तयार नमुन्यांच्या रिझ्युमेत डाव्या बाजूला एक रंगीत रकाना असतो आणि त्यात कौशल्यं पट्ट्यांनी मोजलेली असतात. क्रिएटिव्हिटी नव्वद टक्के. कम्युनिकेशन पंच्याऐंशी. एकाला मी विचारलं, ‘उरलेल्या दहा टक्क्यांत काय होतं रे?’ तो म्हणाला, ‘शंभर लिहिलं तर गर्व वाटेल ना!’ शिवाय मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्यातल्या काही सॉफ्टवेअरांना दोन रकाने बाजूबाजूला दिसले की मजकुराची सरमिसळ होते, आणि नव्वद टक्के क्रिएटिव्हिटी जाऊन बारावीच्या गुणांशेजारी बसते. साधं, एका रकान्याचं, काळ्या अक्षरांचं पान पाठवावं हे मी सांगते. ते कुणालाच आवडत नाही.

आकड्यांशी मात्र जरा झगडावं लागतं. मार्केटिंगच्या रिझ्युमेत आकडे हवेत हे आता सगळ्यांना कळलंय, त्यामुळे आकडे येतात. ‘विक्रीत दोनशे टक्के वाढ.’ छान. कितीवरून? मुलगा घुटमळतो. तीन ग्राहकांचे नऊ झालेले असतात. अहो, तीनाचे नऊ करणं ही सुद्धा चांगली गोष्ट आहे! कुठल्या गावात, कुठला माल, हाताशी पैसे किती होते आणि किती दिवसांत केलं, हे सांगितलं तर निवडणारा माणूस खुर्चीत पुढे सरकतो. ‘जळगावात तीन दुकानांत आमचा मसाला होता, दिवाळीपर्यंत नऊ दुकानांत गेला, त्यातल्या पाचांनी दुसऱ्यांदा माल मागवला’ यात ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द लाखमोलाचा आहे. दुकानदाराच्या गळ्यात एकदा माल कुणीही मारतं. फॉलोअर्सचंही तेच. इन्स्टाग्रामवर दहा हजार जमवले म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते, त्यातल्या कितींनी काही विकत घेतलं?

आणि हे सगळं झाल्यावर तळाला येते ती प्रतिज्ञा. ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी व अचूक आहे. ठिकाण : पुणे. दिनांक.’ खाली सही. वर दोनशे टक्के वाढ आणि खाली सत्यप्रतिज्ञा अशी जोडी दिसली, की वाचणारा पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून वाचतो, आणि या वेळी पोलिसाच्या नजरेने.

ही प्रतिज्ञा बायोडेटातून आली हे उघड आहे. आपल्याकडे रिझ्युमेच्या आधी बायोडेटा होता, आणि बायोडेटा एकच असायचा, नोकरीलाही तोच आणि लग्नालाही तोच. लग्नाच्या प्रतीत गोत्र, नाडी आणि मामांचं आडनाव वाढायचं, नोकरीच्या प्रतीत टायपिंगचा वेग : मराठी तीस, इंग्रजी चाळीस. पुढे त्यात एमएससीआयटीची भर पडली. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दोन्हीकडे चालायच्या. हे नातं अजून तुटलेलं नाही : 1997 साली नोकरी डॉट कॉम सुरू करणाऱ्या इन्फो एज कंपनीचंच जीवनसाथी डॉट कॉमही आहे. दोन्हीकडे ‘अपेक्षा : अनुरूप’ असं लिहून माणसं वाट बघत बसतात.

कव्हर लेटरचे संस्कार तर शाळेतले आहेत. दहावीच्या पेपरातला अर्ज आठवा. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय : नोकरी मिळणेबाबत. महोदय, आपण दिलेली जाहिरात वाचली. संधी दिल्यास मी माझे काम प्रामाणिकपणे व निष्ठेने करीन. आपला कृपाभिलाषी. या अर्जात अर्जदाराची गरज दिसते, नम्रता दिसते, हस्ताक्षरही दिसतं. ज्याला अर्ज पाठवला त्याचं काय अडलंय, हे मात्र त्यात कुठेच नसतं. आजच्या इंग्रजी कव्हर लेटरमधून कृपाभिलाषी गेला, बाकी सगळं तसंच आहे. उमेदीच्या काळात मला काय शिकायला मिळेल, माझी प्रगती कशी होईल, आपल्या नामांकित संस्थेत मला किती आनंद होईल. बिस्किटं विकणारा बिचारा वाचतोय आणि त्याला पडलेली काळजी वेगळीच आहे : मराठवाड्यात त्याचा माल उचलला जात नाहीये.

या बाबतीत मी मुलांना डेव्हिड ओगिल्वीची गोष्ट सांगते. जाहिरातीच्या धंद्यातला हा मोठा माणूस. त्याचा पूर्वार्ध आजच्या सॉफ्टवेअरला दिला तर ते घाबरून बंद पडेल. ऑक्सफर्डमधून पदवी न घेता बाहेर पडला. पॅरिसच्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबला. मग स्कॉटलंडमध्ये दारोदार जाऊन आगा नावाच्या शेगड्या विकल्या. पुढे अमेरिकेत गॅलपच्या जनमत चाचण्यांत काम केलं, मध्ये काही काळ पेनसिल्व्हेनियात शेती केली, आणि 1948 मध्ये न्यूयॉर्कला जाहिरात संस्था काढली. यातला माझा आवडता भाग शेगड्यांचा. कंपनीने त्याला इतर विक्रेत्यांसाठी पुस्तिका लिहायला सांगितली. ती त्याने 1935 मध्ये, पंचविशीही गाठली नसताना लिहिली, आणि कित्येक वर्षांनी ‘फॉर्च्यून’ मासिकाने विक्रीवरच्या उत्तमातल्या उत्तम पुस्तिकांत तिची गणना केली. त्यात एक सल्ला असा, की शाकाहारी माणूस नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायला शिका, त्याच्यासमोर भाजलेल्या मांसाचं रसभरित वर्णन करू नका. स्वयंपाकिणीला एक सांगा, डॉक्टरला दुसरं सांगा. शेगडी तीच.

कव्हर लेटरबद्दल याच्यापलीकडे मला फारसं काही सांगता येत नाही. समोरचा काय खातो ते बघ. आणि हो, साबणाच्या कंपनीला पाठवलेलं पत्र बिस्किटवाल्याला पाठवताना कंपनीचं नाव बदल. हे सांगावं लागतं. तीन परिच्छेद ‘आपल्या साबणांची मी लहानपणापासून चाहती आहे’ असं वाचलेला एक बिस्किटवाला मला ठाऊक आहे.

मराठी माणसाला विकता येत नाही असं आपणच म्हणतो, ते मला मान्य नाही. केशव पेंढारकरांनी 1952 साली विको उभी केली तेव्हा दंतमंजन दारोदार फिरूनच विकलं. दिवाळी अंकांची परंपरा 1909 च्या ‘मनोरंजन’पासून चालत आली, तीही कुणीतरी उन्हातान्हात हिंडून जाहिराती आणल्या म्हणून. विकता उत्तम येतं. मालाच्या जागी आपण स्वतः असलो की जीभ जड होते.

आमच्या शेजारची मुलगी हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. कराडची, इथे मावशीकडे राहून एमबीए केलेली. तिच्या रिझ्युमेत पॅशनेट होतं, पट्टे होते, प्रतिज्ञा होती. अनुभवाच्या जागी एका कंपनीतली दोन महिन्यांची इंटर्नशिप, ज्यात तिने, तिच्याच शब्दांत, एक्सेलच्या फाइली इकडच्या तिकडे केल्या. आणि अगदी शेवटी छंद या सदरात : वाचन, प्रवास, गणेशोत्सवात सहभाग.

‘सहभाग म्हणजे? नाचायचीस?’

‘नाही हो काकू, जाहिराती आणायचे. स्मरणिकेसाठी.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावातल्या मंडळाची स्मरणिका कुणी वाचत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. दुकानदारांच्याही लक्षात आलं होतं, म्हणून ते वर्गणी देत पण जाहिरात देत नसत. तिने मंडळाला सांगितलं, स्मरणिका बंद करा, आरतीसंग्रह छापा. तो देवघरात वर्षभर राहतो, आणि मागचं पान आरती म्हणताना समोरच्या माणसाला दिसतं. ते मागचं पान विकायला ती सराफ कट्ट्यावर गेली. तीन पेढ्यांनी नाही म्हटलं. चौथ्याला तिने सांगितलं, की गौरी घरी येतात तेव्हा बायका दागिने काढून घालतात आणि त्याच दिवशी हातात आरतीचं पुस्तक असतं. त्याने तिथल्या तिथे चेक फाडला. पुढच्या वर्षी त्याचाच आधी फोन आला.

‘आणि हे तू छंदात टाकलंस?’

‘त्याचा पगार कुठे मिळत होता!’

आम्ही पट्टे काढले. पॅशनेट काढलं. इंटर्नशिपला एक ओळ ठेवली आणि आरतीसंग्रहाला चार दिल्या. सोन्याच्या दागिन्यांच्या दुकानांची एक साखळी नोकरीला माणसं घेत होती, तिथे पाठवायचं पत्र तिने एका बैठकीत लिहिलं, सणाच्या दिवशी गिऱ्हाईक काय बघतं इथून सुरुवात करून. ‘मी’ हा शब्द दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आलाच नाही. मला त्यात खोडायला फार काही सापडलं नाही.

अडलं ते ऑनलाइन अर्जातल्या शेवटच्या चौकटीपाशी. अपेक्षित पगार. तिने लिहिलं, ‘कंपनीच्या नियमानुसार.’ मी म्हटलं, आकडा टाक. तिने टाकला. मग पुसला, जरा कमी करून पुन्हा टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

‘काकू, हा जास्त होतोय का हो?’

‘त्या सराफाला मागच्या पानाचा भाव सांगताना विचारलं होतंस असं?’

‘तिथे वेगळं होतं,’ ती म्हणाली. ‘ते मंडळाचे पैसे होते.’