धुऱ्यावरची बोरं

"काहो काकू, सुपात काय निवडून राह्यल्या?"

"बोरं व. ये भिंतीजवळ, घे मूठभर. कोंडेश्वरच्या रस्त्यानं धुऱ्यावरची आहेत."

"मले वाटलं बाजारातली."

"बाजारातलं ते थाई ॲपल बोर? लिंबाहून मोठं अन् चव पाण्याची! हे पाय, कंच्याएवढं. लाल होऊन सुरकुतलं म्हणजे गोड. अन् हा बारीक काळा ठिपका दिसला का? माशीनं अंडं घातलं तिथं. फोडल्याबिगर तोंडात टाकू नको, नाई तं अळीसकट गिळशीन."

"अगं माय! अन् हातावर हे ओरखडे कायचे?"

"बोरीचेच. दोन-दोन काटे असतात तिले. सरळ असते तो टोचते, वाकडा असते तो पदर धरून ठेवते. घाई केली का फाटलाच पदर."

"एकट्याच गेल्या होत्या?"

"एकटी कशाले! चौघीजणी होतो. पुढं पोहरा-मालखेडच्या जंगलात येरोन्याही भेटतात, काळ्याशार. पण तिथं बिबट आहे बाप्पा. मूठभर येरोन्यांसाठी कोण जाते! रस्त्यावरूनच परतलो."

"माही पोट्टी तं कुंपणावरच्या रायमुनियाची फळं खाते."

"पिकलेली काळी आपणही खाल्ली लहानपणी. हिरवी खाऊ देऊ नको, ओकाऱ्या होतीन. अन् गुंजेचा लाल दाणा हातातही देऊ नको, विष आहे ते."

"आमची आजी तुळशीचं लग्न लागल्याबिगर बोराले हात लावू देत नव्हती."

"बरोबरच होतं तिचं. त्याआधी कच्चंच असते ते, नुसतं तुरट. पण आता झाडं कुठी राह्यली? त्या वळणावरची मोठी बोरी गेली ना."

"काहून?"

"लेआउट पडलं. बोरी तोडली, तारेचं कुंपण घातलं अन् पाटीवर हिरव्यागार झाडाचं चित्र काढलं!"

"अन् एवढ्या बोरांचं करता काय?"

"नातवाची पहिली संक्रांत आहे, लूट करायची. बोरं, उसाचे कांडके, मुरमुरे. उरली का मिठात उकडून वाळवीन, पोट्टे उन्हाळाभर चघळतात. परवा पुन्हा जातो आम्ही, उन्हं चढायच्या आत. येजो तूही. बूट घालजो, जुनी साडी नेसजो, अन् धुरेवाल्याले विचारल्याबिगर झाड हलवू नको, आधीच तो चिडून राह्यला."